कॉन्ट्राचं बेसणुं

आमच्या नेहाचं लग्न मोडायला आलं ते मानपानावरून नाही, पत्रिकेवरून नाही, की जेवणात श्रीखंड ठेवायचं का आमरस यावरूनही नाही. ते मोडायला आलं टेट्रिसवरून. बँकेत मी हे सांगितलं तेव्हा आमच्या मॅनेजरांनी मला आधी बसायला खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि मग म्हणाले, "देवस्थळी, थोडी रजा घ्या."

तसं पाहिलं तर ठरायचं काही बाकीच नव्हतं. नेहानं आणि वैभवनं सगळं परस्पर ठरवलं होतं. आम्हा आईबापांनी फक्त एकमेकांना पसंत करायचं होतं. त्यासाठी एका रविवारी सकाळी वैभवचे आईवडील सुरतेतल्याच उधन्याहून आमच्या अडाजणच्या फ्लॅटवर आले. वडील योगराज सोनवणे, मूळचे अमळनेरकडचे, उधन्यात साड्यांवर भरतकाम करायच्या मशिनींचा कारखाना. उंचेपुरे, आवाज असा खणखणीत की आमच्या शोकेसच्या काचा वाजल्या. आई पुष्पाबाई, बोलायला कमी आणि बघायला जास्त. माझ्या बायकोनं, माधवीनं, मला आधीच ताकीद दिली होती. राजकारण काढायचं नाही, गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगायची नाही, आणि सुरतेतल्या मराठी शाळांवर भाषण द्यायचं नाही. व्हिडिओ गेमचा विषय काढू नका, असं तिनं सांगितलं नव्हतं. कुठली बायको सांगेल?

पोहे आले. पोह्यांबरोबर अशा बैठकीत जी शांतता येते तीही आली. ती घालवायला मी सहज विचारलं, "लहानपणी काय खेळायचात, योगराजराव?" माणूस कबड्डी म्हणेल, फार तर विटीदांडू, अशी माझी अपेक्षा. योगराजरावांनी बशी खाली ठेवली, डोळे मिटले आणि मंत्र म्हणावा तसं म्हणाले, "कॉन्ट्रा."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. समोर पन्नाशीचा, केस पिकलेला, व्याही व्हायला आलेला माणूस, आणि तो कॉन्ट्रा म्हणतो! तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जगात आता अशी पिढी सोयरीक करायला निघाली आहे जिनं मिसरूड फुटायच्या आधी हातात रिमोट धरला होता. तोवर टीव्ही बोलायचा आणि आपण ऐकायचं, असा शिरस्ता होता. एके दिवशी सांगलीला माझ्या चुलतभावानं त्या टीव्हीला एक डबडं जोडलं, त्यात कॅसेट खुपसली, ती चालली नाही म्हणून काढून तिच्यावर फुंकर मारली, पुन्हा खुपसली आणि रिमोट माझ्या हातात दिला. मी अंगठा दाबला आणि टीव्हीतल्या माणसानं उडी मारली. माझ्या अंगठ्यावरून! पुढे आयुष्यात बरंच पाहिलं, एटीएम पाहिलं, मोबाइल पाहिला, पण त्या उडीपुढे सगळं मिळमिळीत वाटलं. आजही वाटतं.

तर अशा भारावलेल्या अवस्थेत मी म्हणालो, आणि प्रेमानंच म्हणालो, "कॉन्ट्रा उत्तमच हो. पण सर्वश्रेष्ठ म्हणाल तर टेट्रिस."

"ते ठोकळे पडतात ते?" योगराजरावांनी डोळे उघडले. रागावले की ते मराठीतून अहिराणीत शिरतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. "हाऊ खेय शे का हमाली शे? माझ्या गोडाऊनला या, साहेब. टेम्पोत पार्सलं लावतात तिथं. आडवं बसव, उभं बसव. त्या कामाचा मी पगार देतो, खेळ नाही म्हणत."

आता बघा, मी बँकेतला माणूस. ओळ पूर्ण भरावी आणि ती अदृश्य व्हावी, याहून सुंदर दृश्य मला दाखवून द्या. ज्या खेळात शत्रू नाही, बंदूक नाही, राजकन्या सोडवायची नाही, नुसते चार चौकटींचे ठोकळे, आणि तरी माणूस जेवण विसरतो, त्या खेळासमोर मी मनातल्या मनात कायम हात जोडलेले आहेत. त्याला हमाली? मी म्हणालो, "हमाली परवडली. तुमच्या कॉन्ट्रात तीस तीस जीव घेऊन लढतात. देवानं माणसाला एक जीव दिलाय. तीस म्हणजे सरळ सरळ कॉपी."

कॉपी हा शब्द मी वापरायला नको होता. योगराजराव उठले. चहा यायचा होता, तो आलाच नाही असं समजून उठले. पुष्पाबाईंनी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि त्याही उठल्या. दुपारी नेहाच्या फोनवर निरोप आला, "ज्या घरात कॉन्ट्राला कॉपी म्हणतात तिथली सून आम्हाला नको." मी लगेच उलट निरोप दिला, "ज्या घरात टेट्रिसला हमाली म्हणतात तिथं आम्हाला मुलगी द्यायची नाही." मला वाटलं होतं, माधवी माझ्या बाजूनं काही बोलेल. तिनं उरलेले पोहे माझ्यापुढे ठेवले, आणि पुढे ते संपेपर्यंत रोज ठेवले.

नेहा मात्र बोलली. "बाबा, तुम्ही दोघं समोरासमोर बसा, दोन्ही गेम खेळा आणि काय तो निकाल लावा. नाहीतर आम्ही कोर्टात जाऊन सह्या करतो. मग तुम्हाला बोलावणारही नाही." बोलताना तिचे डोळे भरले. ही पोरगी दहावीच्या निकालालासुद्धा रडली नव्हती. माझी तर पाचावर धारणच बसली. एकुलती एक मुलगी, आणि तिच्या लग्नाला मी नसणार, का, तर ठोकळ्यांपायी.

पण खेळायचं कुठे? योगराजराव माझ्या घरून रागानं उठून गेले होते, तेव्हा ते परत उंबरा ओलांडणार नाहीत. मी मुलीचा बाप, तेव्हा बोलावल्याशिवाय उधन्याला जाणार नाही. शेवटी आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल ही तटस्थ भूमी ठरली. मशीन मुलाकडच्यांनी आणायचं, टीव्ही मुलीकडच्यांनी द्यायचा. नव्या टीव्हीला ते जुनं मशीन लागेना, म्हणून डबा टीव्ही शोधणं माझ्याकडे आलं.

मी टीव्ही शोधायला निघालो आणि बिल्डिंगभर मतं गोळा करून आलो. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, "सर्वश्रेष्ठ तो मिशीवाला प्लंबर, तुम्ही दोघेही चूक." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "गाड्यांची रेस." शेजारचे शाहभाई मला कोपऱ्यात घेऊन अगदी हळू म्हणाले, "प्रभाकरभाई, बंदूकवाळी गेम. बदकं मारायची ती." मी चमकलो. शाहभाई म्हणजे कांदाबटाटा न खाणारा जैन माणूस. ते म्हणाले, "ना ना, बदकांना आम्ही कधी हात नाही लावला. त्यात नुसत्या चकत्या उडवायचं पण यायचं ने, तेच रमायचं. बापुजी मागे बसून ध्यान ठेवायचे." बदकांच्या खेळातून बदकं वगळून वर्षानुवर्षं आनंद घेणाऱ्या त्या कुटुंबाकडे मी आ वासून बघत राहिलो.

डबा टीव्ही मिळाला प्रमिलाबाईंकडे. त्या पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. टीव्ही बंद असला तरी त्याच्यावर गणपती असतो, म्हणून त्याला रोज मोगऱ्याचा हार पडतो आणि उदबत्ती लागते. "टीव्ही देते," त्या म्हणाल्या, "पण त्याच्याबरोबर मीही येणार. आणि देवस्थळी, एक सांगू? मुलीच्या बापानं हरायचं असतं." हा सल्ला मी ऐकून घेतला आणि टीव्ही उचलला. गुडघ्याची हकिगत माधवीनं सांगू नका म्हटलंय म्हणून पुढचं सांगत नाही.

राहिली हॉलची परवानगी. आमचे सेक्रेटरी धनसुखभाई सुरती माणूस. खायला बसले की दिलदार, रजिस्टर उघडलं की पाषाण. म्हणाले, "हॉल तो मळे, प्रभाकरभाई. पण कारण लखवुं पडे. कारण त्रणच आहेत, लग्न, कथा ने बेसणुं."

"व्हिडिओ गेम लिहा."

"गेम लिहिली तर कमिटीवाळा म्हणतील, जुगार चालवे छे."

"मग लग्न लिहा. लग्नासाठीच चाललंय सगळं."

"लग्नाला मंडपवाळानी चिठ्ठी जोईए, डिपॉझिट जोईए. कथेला महाराज जोईए. बेसणुंला कशुंच नहीं. खुर्ची, पंखा, पाथरणां, बधुं सोसायटी तरफथी." मग पेनाचं टोपण काढून ते माणुसकीच्या सुरात म्हणाले, "बेसणुं लखी दऊं? कोई पूछे नहीं."

बेसणुं म्हणजे गुजराती घरात माणूस गेल्यावर भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेली बैठक. पांढरे कपडे घालून यायचं, हार घातलेल्या फोटोसमोर गप्प बसायचं, घरच्यांना हात जोडायचे आणि जायचं. हे मला पक्कं माहीत होतं. सुरतेत राहून मी किती बेसणी बसलोय! पण पाथरणांसकट हॉल मोफत, हे ऐकल्यावर कुठल्याही मराठी नोकरदाराची बुद्धी जशी चालते तशीच माझी चालली. रजिस्टर कपाटात राहणार, कोण बघतंय? मी सही केली.

रजिस्टर कपाटात राहिलं. पण त्यात काही लिहिलं की वॉचमननं ते खालच्या फळ्यावर उतरवायचं, हा धनसुखभाईंनीच घालून दिलेला नियम. रविवारी दुपारी मी, प्रमिलाबाई आणि टीव्ही हॉलमध्ये मांडामांड करत होतो तेव्हा गेटपाशी मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, "देवस्थळी परिवार, बेसणुं, चार ते सहा." सोसायटीच्या ग्रुपवर "ॐ शांति"च्या ओळी लागल्या होत्या. माझा फोन घरी चार्जिंगला.

चार वाजले आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं यायला लागली. शाहभाई आले, मागून त्यांचे दोघे भाऊ, चौथ्या मजल्यावरचे, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, समोरच्या विंगचे, ज्यांची तोंडंही मला ओळखीची नव्हती ते. प्रत्येकानं मला हात जोडले आणि पाथरणांवर जाऊन बसला. समोर टीव्ही. टीव्हीला प्रमिलाबाईंनी सवयीनं घातलेला मोगऱ्याचा हार, पुढे उदबत्ती. सगळे त्या काळ्या काचेकडे बघत माना खाली घालून बसले. कोण गेलं हे बेसण्यात विचारत नाहीत, ते माहीत असायला हवं असतं. त्यामुळे कुणी विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं की समोरचा माझा हात दाबायचा आणि डोळ्यांनीच म्हणायचा, बोलू नका, त्रास होईल. माणसं किती चांगली असतात हे बघून मला भरून येत होतं आणि त्याच वेळी पळून जावंसं वाटत होतं.

आणि तेवढ्यात दारात सोनवणे कुटुंब. वैभवच्या हातात मशीनची पिशवी, पुष्पाबाईंच्या हातात पेढ्यांचा पुडा. तो त्यांनी झटकन पदराखाली लपवला.

"ओ माय! कोन मरी गयं वं?" त्या माधवीला म्हणाल्या.

योगराजराव तर तीरासारखे आत आले आणि त्यांनी मला मिठी मारली. घट्ट. "एवढं झालं आणि आम्हाला कळवलं नाही? भांडण खेळाचं होतं, साहेब. दुःखात माणूस सोयऱ्याला सांगतो ना?" त्यांचा आवाज चिरकला होता. कोण गेलं हे त्या माणसाला माहीत नव्हतं, तरी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी लाजेनं अर्धा झालो. त्या मिठीत राहून मी त्यांच्या कानात खरं काय ते सांगितलं. कुणी गेलेलं नाही, हॉल मिळावा म्हणून लिहिलं.

मिठी सैल झाली. योगराजरावांनी हार घातलेल्या टीव्हीकडे पाहिलं, उदबत्तीकडे पाहिलं, पांढऱ्या कपड्यांतल्या त्या सगळ्या लोकांकडे पाहिलं. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही माझ्या कॉन्ट्राचं बेसणुं ठेवलं. चारचौघांना बोलावून."

"अहो, नाही हो!"

"माले पटनं नही. चाल वैभव, पुष्पा, चाल."

ते वळले. पण बेसण्यातून आल्या पावली उठून जाणं ही सुरतेत फार वाईट गोष्ट. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या काकांनी हात वर करून त्यांना खाली बसायची खूण केली. त्या हातापुढे योगराजरावांचं काही चाललं नाही. ते मांडी घालून बसले. नेहानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती उठली, वैभवच्या हातून मशीन घेतलं, वायर खोचली, कॅसेटवर फुंकर मारली आणि बटण दाबलं. हारामागे रंग उजळले. सगळी सभा दचकून ताठ बसली.

पहिला मान टेट्रिसचा. आयुष्यभर ज्याची महती गायली तो खेळ मी भर सभेत खेळायला बसलो. पहिली ओळ भरली, लुप्त झाली, आणि माझ्या मागे पन्नास एक माणसांनी एकदम श्वास सोडला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. थोड्या वेळानं शाहभाई पुटपुटले, "लांबुं आववा दे, लांबुं आववा दे." लांबुं, म्हणजे तो सरळ लांब ठोकळा, काही आला नाही. ठोकळे चढत चढत छताला टेकले आणि मी गेलो. फार लवकर गेलो. मोगऱ्याचा हार आडवा येत होता, हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

योगराजराव हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. रिमोट हातात घेऊन म्हणाले, "कॉन्ट्रा एकट्याचा खेळ नाही. साहेब, दुसरा रिमोट धरा. आणि तीस जीवांचं बटण दाबायचं नाही. तीनच. कॉपी नको."

मी धरला. आणि मग मी जे पाहिलं त्यानं थक्क झालो. त्या माणसाचे अंगठे भरतकामाच्या सुईसारखे चालत होते. गोळी कुठून येणार हे त्याला गोळी सुटायच्या आधी माहीत होतं. माझ्यावर कुणी नेम धरला की हे पठ्ठे उडी मारून मध्ये हजर. जंगल पार झालं, लोखंडी भिंती फुटल्या. मी नुसता त्यांच्या मागून पळत होतो आणि मला माझ्या आयुष्यात इतकं सुरक्षित कधी वाटलं नव्हतं. मग धबधबा आला.

ज्यांनी कॉन्ट्रा खेळलाय त्यांना धबधब्याबद्दल सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. तिथं पुढे नाही, वर चढायचं असतं. दोघांपैकी एक वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर पडून मरतो. शत्रूच्या गोळीनं नाही, सोबत्याच्या घाईनं. योगराजराव सवयीनं सपासप वर गेले आणि मी खाली मेलो. पुन्हा उभा राहिलो, पुन्हा मेलो. माझा एक जीव उरला, माझ्यासाठी गोळ्या झेलून त्यांचाही एकच. खेळ थांबवून मी चिडून म्हणालो, "मागचा आहे का नाही हे बघाल की नाही?" योगराजराव म्हणाले, "जो थांबला तो गेला, साहेब. वरून दगड पडतात." सभेत कुजबुज सुरू झाली. आता हे दोघे उठणार आणि सगळं संपणार, हे प्रत्येकाला कळलं.

"बाबा, द्या इकडे," नेहा म्हणाली आणि माझा रिमोट घेऊन योगराजरावांशेजारी बसली.

तिनं हा खेळ आयुष्यात खेळलेला नव्हता. पण तरुण अंगठे ते, तिनं दोन उड्या चुकवल्या आणि तिसरीपासून सरसर निघाली. योगराजराव दगड चुकवायला बाजूला सरले, उडी फसली, आणि ते अगदी खालच्या कड्यावर येऊन पडले. नेहाच्या डोक्यावर मोकळा कडा होता. एक उडी मारली असती तर ती वाचली असती आणि होणारे सासरे खलास. वरून दगड गडगडत येताना सगळ्यांना दिसत होता. "ऊपर, ऊपर!" कुणीतरी ओरडलं. बेसण्यात ओरडलं! नेहानं अंगठा उचलून घेतला. तिचा माणूस कड्यावर उभा राहिला. दगड आला आणि तो गेला.

योगराजरावांचा माणूस धबधब्यात एकटा उभा होता. ते पडद्याकडे बघत राहिले, मग त्यांनी रिमोट हलकेच खाली ठेवला आणि त्यालाही मरू दिलं.

"पोर थांबनी," ते पुष्पाबाईंना म्हणाले. "पाह्यं का तू? थांबनी ती." मग माझ्याकडे वळून, "साहेब, माझा सख्खा भाऊ इथं कधी थांबला नाही. मीही नाही थांबलो कुणासाठी. श्रेष्ठ खेळ कुठला ते तुम्ही ठरवा, टेट्रिस म्हणा, काहीही म्हणा. ही पोर आम्हाला द्या."

मला बोलायचं बरंच होतं. टेट्रिसची बाजू नीट मांडली गेली नाही, हे तर होतंच. पण मी नेहाकडे बघत होतो. हे थांबणं तिला मी शिकवलेलं नव्हतं, माधवीनंही नाही. कुठून आलं होतं कोण जाणे. माझ्याच घरात वाढलेली मुलगी, आणि मी तिच्याकडे देवळात बघावं तसा बघत होतो. माझी मान आपोआप हलली. पुष्पाबाईंनी पदराखालचा पेढ्यांचा पुडा बाहेर काढला.

सहा वाजले. सभा रीतीप्रमाणे उठली. बेसण्यात निघताना घरच्यांसमोरून एकेकानं हात जोडून जायचं असतं, आणि घरच्यांनी ओळीनं उभं राहायचं असतं. आम्ही उभे राहिलो, मी, माधवी, आणि आमच्याशेजारी योगराजराव आणि पुष्पाबाई. कुणी हसलं नाही. शाहभाई माझ्यासमोर थांबले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, नेहाकडे एकदा पाहिलं आणि बेसण्यात म्हणायचं तेच वाक्य म्हणाले, "हिंमत राखजो, प्रभाकरभाई."

आणि तेव्हा मला कळलं की पोरगी खरंच चालली. इतके दिवस मी ठोकळे आणि बंदुका घेऊन भांडत होतो, त्यात हे लक्षातच आलं नव्हतं. मला रडू फुटलं ते आवरेना. माधवीनं माझी बाही धरली, तर तिचेच डोळे वाहत होते. ओळीतले पुढचे काका हात जोडून समोर उभे होते आणि मला हात वर करता येत नव्हते. योगराजरावांनी एक हात माझ्या पाठीवर ठेवला, अर्धं पाऊल पुढे आले, आणि माझ्या वतीनं त्यांना वाकून नमस्कार केला.